कुलूपबंद घराचं पुडकं

आर्वीच्या त्या गल्लीत सकाळी सव्वासातला घंटागाडी शिरते आणि तिच्यामागून जागृती चालत येते. हातात रबरी मोजे, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. गाडीला ओल्या कचऱ्याचा एक कप्पा, सुक्याचा एक आणि मागे लाल झाकणाचा वेगळा डबा. त्यात लेकरांचे आणि म्हाताऱ्यांचे डायपर टाकायचे. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल पेनाची फुली मारून. फुली दिसली की पुढे शेडमध्ये कचरा निवडणाऱ्या बाया त्यात हात घालत नाहीत. गल्लीला एवढी सवय लावायला जागृतीला दीड वर्ष लागलं, पण आवाज म्हणून चढवला नाही तिनं.

ती नाचणगावची. लग्न होऊन आर्वीला आली, वर्षानुवर्षं लोकांच्या शेतात निंदणाला गेली. या कामाला लागली तेव्हा बहिणीनं नाक मुरडलं, पण जागृतीचं मन इथंच रमलं. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या लेकराचं पोट बिघडलं, तिला कचऱ्यावरूनच कळतं. मात्र एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही, हा तिचा नेम.

त्या आठवड्यात गल्लीतल्या आचलच्या फाटकाला रोज एक पुडकं लटकलेलं दिसू लागलं. फुली व्यवस्थित, पण घराला कुलूप! आचल दहा महिन्यांच्या अनयला घेऊन अल्लीपूरला माहेरी गेली होती. आणि पुडकं उचलावं तर हे जड.

"लेकरू अल्लीपूरले अन् डायपर इथं?" ड्रायव्हर धर्मेंद्र ओरडला. "कोण टाकून राह्यलं बे? थांब, भोंग्यावरूनच इचारतो साऱ्या गल्लीले!"

शेजारच्या खिडकीचा पडदा हललेला जागृतीनं पाहिला. तिथं बंडोपंत राहतात, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झाल्यापासून दोन महिने ते फाटकाबाहेर दिसले नव्हते.

"भोंगा नको लावू. माह्या ध्यानात आलं."

"काय आलं?"

"तुह्या कामाचं नाई. चाल पुढं."

काम आटोपल्यावर ती बंडोपंतांच्या मागच्या दारी गेली. सुमतीकाकू कपडे वाळत घालत होत्या. जागृतीला पाहताच त्यांच्या हातातलं धोतर हातातच राहिलं.

"काकू, माही सासू दोन वर्सं अंथरुणावर होती. आमच्या घरी कुठचे डायपर? लुगडी फाडून घ्याचो. मले यात काही नवं नाई."

"हळू बोल गं," काकू कुजबुजल्या. "आचल होती तोवर तिच्या पुडक्यांत मिसळून जायचं. बाहेर कळलंय हे त्यांना समजलं तर जेवण टाकतील. आधीच कोणाला भेटत नाहीत."

"मंग इकडून, मागच्या दारानं देत जा मले. बंद घरी ठेवसान तं तो धर्मेंद्र बोंबलत बसन."

आत वॉकरची टकटक झाली. बंडोपंत दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सुमती, माझं तू त्या लेकराच्या नावावर खपवत होतीस?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. जागृतीला वाटलं, झालं. झाकायला आलो अन् आपणच उघडं पाडलं.

"दहा महिन्यांच्या पोराची अशी बदनामी!" बंडोपंत जागृतीकडे वळले. "किती जड होतं गं पुडकं?"

तिला खोटं सुचेना. "गुरुजी, अनय तेवढ्याचा धनी असता तं पैलवानच म्हणा लागलं असतं त्याले."

मग बंडोपंतांच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. ते हसत होते, वॉकर धरून, खांदे हलवत. काकू आधी घाबरून पाहत राहिल्या, मग त्याही पदरात तोंड घालून हसल्या.

"मागचं दार कशाला?" दम घेत ते म्हणाले. "चोरी केलीय का मी?"

दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली तेव्हा इस्त्रीचा सदरा घातलेले बंडोपंत स्वतःच्या फाटकाशी उभे होते. वॉकरच्या दांड्याला पिशवी, पिशवीत फुलीचं पुडकं. धर्मेंद्र गडबडीनं खाली उतरला अन् नमस्कार करून मोकळा झाला. जागृतीनं लाल झाकण उघडलं.

"अनय कधी येतोय?" बंडोपंतांनी विचारलं.

"परवा, गुरुजी."

"येऊ दे. त्याची माफी मागायची आहे," ते म्हणाले, आणि समोरच्या ओट्यावर चहा घेणाऱ्या शेतकरी तानबांना हाक मारून विचारू लागले, सोयाबीनचं काय म्हणता?