छाती फुगवायची सीडी
वावरात पाखरं हाकलायला टांगलेली सीडी कुठंही चमकली की मला थोरल्या भावाची छाती आठवते. त्या साली कापूस कोणी विचारेना, म्हणून आम्ही सगळा घरातच कोंडला. इतका, की पालींना चालायला फक्त आढं उरलं होतं. त्यातच टीव्हीपुढे चटईएवढी जागा करून भाऊ व्यायामाची सीडी लावायचा. पोलीस भरतीत लागला तर वावरातून सुटणार होता. लोक हसतील म्हणून दार लावून घेई. "काहून रे, चोरावानी कसरत करून राह्यला?" बाप बाहेरून विचारी. "भरतीत छाती फुगवून दाखवा लागते, बाबा." पडद्यावरचा मास्तर श्वास भरा म्हणे, अन् भाऊ रुईच्या धुळीसकट अर्धा ढीग आत ओढी. दंड असे झाले की सदरे घाबरून उसवले. खोकला मात्र जाईना. भरतीच्या मैदानात छातीला टेप लागला, भावानं श्वास भरला आणि असा खोकलत सुटला की साहेबानं टेप गुंडाळूनच ठेवला. त्या पावसाळ्यात त्यानं पाठीवर फवारणीचा पंप चढवला. एका दुपारी फवाऱ्याचं विष श्वासात गेलं अन् लोकांनी त्याला बैलगाडीतून आणलं, तेव्हा ती छाती हलतही नव्हती. सीडी आईनं वावरात टांगायला लावली. पाखरं चार दिवसांत तिला सरावली. मी अजून त्या धुऱ्यानं, वावराच्या त्या बांधानं, जात नाही.