वाचून दाखवणाऱ्या बाई

ज्याने आजवर अर्ज, नोटिसा आणि कार्यालयीन टिपणी यांपलीकडे काही लिहिले नाही, त्याने एका माणसाचे चित्र काढायला बसावे हे धाडसच आहे. त्याबद्दल मी सुरुवातीलाच क्षमा मागतो. एम.ए. करताना पुष्कळ चांगले गद्य वाचनात आले, आणि बहुधा त्याच्याच धाकाने सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत लेखणी उचलण्याची हिंमत झाली नाही. आताही झाली नसती. पण बाईंना जाऊन दोन वर्षे झाली, आणि त्यांच्याविषयी लिहायचा ज्याला सर्वांत कमी अधिकार आहे, त्यालाच त्यांच्याविषयी सर्वांत जास्त ठाऊक आहे, अशी अडचण होऊन बसली आहे.

बाई नोटरी होत्या. नगरला कोर्टाच्या आवाराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे टेबल होते. प्रतिज्ञापत्र करायला आलेल्या माणसाला तो कागद त्या आधी मोठ्याने वाचून दाखवत, मग तो पदवीधर का असेना. वाचून झाले की कागद पालथा घालत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, “आता तुम्ही सांगा. काय लिहिलंय?” समोरच्याने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याखेरीज खणातला शिक्का बाहेर येत नसे. आवारातले लोक नव्या माणसाला वाट दाखवताना सांगत, “घाई असेल तर कुठंही जा. घाई नसेल तर त्या वाचून दाखवणाऱ्या बाईंकडं.”

बी.एड. होऊनही शाळा न मिळालेला मी त्यांच्याकडे सहा वर्षे संगणकावर कागद टंकत बसलो. पहिल्याच दिवशी माझ्या पदव्या ऐकून त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही मास्तर. फळा नाही मिळाला, एवढंच.” तेव्हापासून मी मास्तर झालो. शेजारचे एक वकील, तेही नोटरी, त्यांची नेहमी थट्टा करीत. “बाई, तुमचं एक वाचन होईतो माझे पंचवीस शिक्के होतात.” बाई मान वर न करता म्हणत, “होऊ द्या की. उद्या साक्षीला बोलावलं, तर पंचवीस तोंडं आठवतील ना?”

या वाचनातून गमतीही होत. कर्जतकडचे एक आजोबा आले होते. सातबाऱ्यावर त्यांचे नाव रामा, आधारवर रामभाऊ आणि बँकेत रामचंद्र. ही तिन्ही नावे एकाच माणसाची, असे प्रतिज्ञापत्र हवे होते. बाईंनी वाचले आणि विचारले, “आता तुम्ही सांगा.” आजोबा म्हणाले, “तिघं बी मीच हाय.” बाई म्हणाल्या, “आणि घरी काय म्हणतात?” आजोबांनी जरा विचार केला. “म्हातारी ‘अवं’ म्हनती. ते बी लिव्हायचं का?” त्या दिवशी बाई डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. पण आजोबांचा अंगठा स्वतः पाहून, रजिस्टरमध्येही घेऊन, मगच त्यांनी शिक्का उमटवला.

एक तरुण शिक्षणातल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र करायला आला. मीच छापील नमुन्यावरून ‘या काळात मी कोठेही नोकरी अथवा व्यवसाय केलेला नाही’ असे टंकले होते. बाईंनी ते वाचून दाखवले आणि विचारले, “काय हो, घरीच होता?” “न्हाई मॅडम. नागापूरला वर्कशॉपात हुतो. पन असंच लिहित्यात म्हने सगळे.” “सगळे शपथ घेणार आहेत का? शपथ तुम्हाला घ्यायचीय.” मला कागद पुन्हा टंकावा लागला. तो तरुण गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “मास्तर, आपला शिक्का म्हणजे मजकूर खरा असल्याची हमी नाही. मी देव नाही. हा माणूस माझ्यासमोर आला, तो कोण ते मी पाहिलं, त्यानं ऐकलं, त्याला कळलं, त्यानं शपथ घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत सही केली. एवढंच मी सांगते. एवढंच माझ्या हातात आहे, म्हणून तेवढं तरी पक्कं पाहिजे.”

ज्याला येता येत नसे त्याच्याकडे त्या जात. कापडी पिशवीत रजिस्टर, शिक्का आणि शाईचा पॅड घेऊन त्या दवाखान्यात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. ऊसतोडीला निघालेल्या एका जोडप्यासाठी त्या ट्रकच्या फाळक्याशी उभ्या राहिल्या आणि वर बसलेल्या बाईला, खालून ओरडून, सबंध कागद वाचून दाखवला. “शिक्का माणसाकडे जाईल. कागद एकटा शिक्क्याकडे येणार नाही,” असे त्या म्हणत. सहा वर्षांत हा नियम त्यांनी एकदाच मोडला. तो त्यांनी माझ्यासाठी मोडला.

माझे वडील, आमचे दादा, नगरला एका सरकारी कार्यालयात कारकून होते. नोकरीत असतानाच ते वारले. आई आधीच गेली होती. मागे आम्ही दोघेच, मी आणि मोठी बहीण अक्का. अक्का बारावी झालेली. नवऱ्याने टाकल्यावर लहान मुलीला घेऊन ती मिरजगावला आमच्या घरी राहत होती. वडिलांच्या जागी अनुकंपा म्हणून एका वारसाला नोकरी मिळणार होती, आणि दुसऱ्या वारसाने आपली हरकत नाही असे प्रतिज्ञेवर लिहून द्यायचे होते. शेवटच्या आजारपणात वडील मला म्हणाले होते, “तू शिकलेला आहेस, कुठंही लागशील. तिचं बघ.” हे वाक्य अक्काने ऐकले नव्हते. मी ऐकले होते.

मी मिरजगावला गेलो ते वडिलांच्या कागदांचा गठ्ठा घेऊन. निवृत्तिवेतनाचे फॉर्म, बँकेचा अर्ज आणि त्यांच्यामध्ये ते ना-हरकत प्रतिज्ञापत्र. सहीच्या जागा तेवढ्या उघड्या राहतील अशा बेताने मी कागद एकावर एक धरले होते. अक्का भाकरी थापत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले. “कुठं करायची, बाळू? तू दाव, मी करती.” एवढ्या विश्वासाने तिने सह्या केल्या की शाई वाळेपर्यंतही मला तिथे बसवेना.

अर्जाच्या मुदतीचा शेवटचा दिवस येईपर्यंत तो कागद मी मुद्दाम बॅगेत ठेवला. त्या दिवशी दुपारी तो बाईंपुढे ठेवला आणि सांगितले, की अक्काला कावीळ झाली आहे, डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. “मग मी येते. सकाळची गाडी कितीची?” त्यांनी लगेच विचारले. मुदत आज संध्याकाळी संपते, असे मी म्हणालो. बाईंनी कागदावरची सही पाहिली. “सही तुमच्यासमोर झाली?” “हो.” “तिला वाचून दाखवलंत?” “हो, बाई.” त्यांनी शिक्का काढला. रजिस्टरमधली सहीची जागा मात्र रिकामी ठेवली. “ही सही मी जाऊन घेईन,” असे म्हणत त्यांनी ते मिटले. कामाच्या रगाड्यात त्या विसरतील, असे मी धरून चाललो. सहा वर्षे त्यांच्या शेजारी बसूनही मी त्यांना किती कमी ओळखत होतो, ते यावरून दिसते.

तीन आठवड्यांनी एक दिवस त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, “मिरजगावला जाऊन आले. तुमच्या बहिणीची तब्येत ठणठणीत आहे.” पुढचे त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितले. त्यांनी अक्काला रजिस्टर दाखवले, आणि सही घेण्याआधी सवयीप्रमाणे सोबत नेलेली प्रत वाचून दाखवली. “मी म्हटलं, आता तुम्ही सांगा. ती म्हणाली, ‘बाई, हे मी आजच ऐकती.’” बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. “मी कार्यालयाला कळवते, की तो कागद प्रमाणित करताना माझी चूक झाली. बाकी तुमच्या बहिणीनं काय ते ठरवायचं. ती सोमवारी येतेय.”

अक्का सोमवारी सकाळच्या गाडीने आली. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या, आणि मी माझ्या नेहमीच्या जागी, संगणकासमोर. ती सारा हक्क बजावून जाईल, अशी माझी खात्री होती, आणि त्या क्षणी मला भीती वाटत होती ती फक्त नोकरीची. पण तिने नवे ना-हरकत करून द्यायचे ठरवले होते. मी टंकले. बाईंनी वाचले, कागद पालथा घातला. “आता तुम्ही सांगा, ताई.”

अक्का सावकाश बोलली. “आमच्या दादांच्या जागंवर मला बी लागता येत हुतं. ती जागा मी भावाला देती. माझ्यावर कुनी जोर केला न्हाई.” मग म्हणाली, “पन बाई, एक ऱ्हायलं. पयल्या कागदावर सही घेतली तवा मला काय बी सांगितलं न्हवतं. तेवढं ह्यात ल्याहा.”

बाई म्हणाल्या, “मास्तर, लिहा.”

वाक्य साधे होते. ‘यापूर्वीच्या प्रतिज्ञापत्रावर सही करताना त्यातील मजकूर मला सांगण्यात आला नव्हता.’ मनात ते पूर्ण तयारही झाले होते, विरामचिन्हांसह. ते कागदावर आले की कार्यालय विचारणार, कोणी सांगितला नव्हता? माझी बोटे अक्षरांवर होती. ती हलली नाहीत. शेजारच्या टेबलावर दोन शिक्के उमटल्याचे ऐकू आले.

अक्काच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, बाई. हाय तसा कागद ठेवा.”

“हे तुमच्या मनानं म्हणता, की त्यांच्याकडे बघून?”

“आता दोन्ही एकच झालं की,” अक्का म्हणाली. “मला त्याच्या तोंडून ऐकायचं हुतं. ते न्हाई आलं. मग कागदावं येऊन काय करायचंय?”

मी तेव्हाही काही बोललो नाही. भिडस्तपणा म्हणून लोक माझे बरेच काही सोडून देतात. तो भिडस्तपणा नव्हता. अक्काने शपथ घेतली, माझ्याकडे न पाहता कागदावर आणि रजिस्टरमध्ये सही केली, आणि बाईंनी शिक्का उमटवला. मग स्वतःचा डबा उघडून तो अक्कापुढे सरकवला. “गाडीला अवकाश आहे. जेवून जा.” दोघी एका डब्यात जेवल्या. मी झेरॉक्स आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

‘प्रमाणनात माझ्याकडून त्रुटी राहिली’ असे बाईंनी स्वतःच्या सहीने लिहून दिले. जुना कागद गेला, नवा लागला, मला नेमणूक मिळाली. मी पेढे घेऊन गेलो तेव्हा त्यांनी विचारले, “मिरजगावला दिलेत?” मी नाही म्हणालो. “मग आधी तिकडं,” असे म्हणून त्यांनी पुडा परत माझ्या हातात दिला. मिरजगावला मी तो एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला.

त्याच वर्षी बाईंनी नोटरीचे काम सोडले. प्रमाणपत्राची मुदत शिल्लक होती. लोकांना त्यांनी सांगितले, की गुडघे दुखतात. रजिस्टरे जमा करायला गेल्या तेव्हा उचलायला म्हणून मी बरोबर होतो. रिक्षात त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढे धरले. रिकाम्या राहिलेल्या सहीसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिले होते: ‘व्यक्ती समक्ष हजर नव्हती. चूक माझी.’ माझे नाव कुठेही नव्हते. “वाचलंत?” त्यांनी विचारले. मी मान हलवली. “बरं,” म्हणून त्यांनी रजिस्टर मिटले. आयुष्यात एवढ्या एकाच वेळी, वाचलेले परत सांगा, असे त्या म्हणाल्या नाहीत.

त्या गेल्यावर आवारात शोकसभा झाली. शेजारचे ते थट्टेखोर वकील बोलायला उभे राहिले. “या बाईनं माणूस समोर नसताना जन्मात शिक्का उमटवला नाही,” ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

आज गावाच्या पाट्यांवर अहिल्यानगर असे नवे नाव आहे, मी कार्यालयात वरच्या टेबलावर आहे, आणि अक्का मिरजगावला अंगणवाडीत मदतनीस आहे. दर भाऊबीजेला ती ओवाळते, माझ्या ताटात वाढते, भाचीचे कौतुक सांगते. त्या सोमवारविषयी ती कधी बोललेली नाही, आणि मीही नाही. सह्या घेतानाच मी अक्काला सारे सांगितले असते, तर ही नोकरी बहुधा तिला मिळाली असती, आणि बाई कदाचित आणखी काही वर्षे लोकांना कागद वाचून दाखवत बसल्या असत्या. एवढे मला कळते. पण त्या खुर्चीत आज पुन्हा बसवले तर बोटे हलतील, असे शपथेवर सांगण्याची माझी तयारी नाही. म्हणून तुम्हाला विचारतो: माझ्या जागी तुम्ही असता, तर ते वाक्य लिहिले असते का?