माझा वाचनाचा कोपरा टेम्पोत बसून गेला

मंडळी, मागच्या आठवड्यात ज्या कोपऱ्याचं तुम्ही एवढं कौतुक केलंत, तो आज दुपारी विकला गेला.

नव्या लोकांसाठी सांगते. भाव वाढायची वाट बघत आमच्या तेलगावच्या घरात, पुढच्या खोलीत, आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवला होता. खिडकीजवळ मी त्यातच बसण्यापुरता खळगा केला, वर जाड चादर टाकली (न्हाईतर खाज सुटते, अनुभव आहे) आणि रोज तिथं वाचत बसायचे. इतका मऊ सोफा कुठल्या दुकानात मिळतो सांगा!

आज खुनाच्या कादंबरीची शेवटची चार पानं राहिली होती. तेवढ्यात मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हाक मारली. "सूनबाई, पाव्हणे आलेत, चहा टाक. जेवूनच जातील."

पुस्तक तिथंच खोचून मी उठले. पाव्हणे म्हणजे कापसाचे व्यापारी निघाले. भाकरी थापून बाहेर येते तर खोली लख्ख मोकळी! चादर तेवढी घडी घालून ठेवलेली.

"मामा, माझं पुस्तक?"

"गेलं असंल गाठोड्यात. कावून तोंड पाडायलीस? कापसाच्या भावानं गेलंय, रद्दीच्या न्हाई."

आत्ता संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला. "वैनी, काळजी करू नका, पुस्तक घावलं. उद्या पाठवतो. लई भारी हाय! खून धाकट्या जावयानंच केलता की!"

माझ्याच हातची भाकरी खाऊन!

मंडळी, तुम्हीच सांगा, पुढच्या वर्षी या माणसाला कापूस घालायचा का?