माह्या गाठोड्यातली अर्धी भाकर

त्या खाटेजवळ आमी पाच जणं होतो. खाटेवर माहे मालक, उशाशी माही सासू, पायथ्याशी मी, अन येनं-जानं करनारे डाक्टर अन नर्सबाई. साठ सालाच्या पुढची गोष्ट हाय.

मालकाले दर्यापुराकडून अकोल्याच्या दवाखान्यात आनलं होतं. काई खाल्लं का पोट मुरडे अन रक्त पडे. आतड्याले आतून जखमा हायेत म्हने. डाक्टरानं खानं बंद केलं, काचेची बाटली उलटी टांगली अन तिची नळी हाताच्या शिरेत घातली.

"यात काय हाय, डाक्टरसायेब?" सासूनं इचारलं.

"ग्लुकोज. साखरेचं पाणी समजा."

"साखरपानीच हाय तं मी घरीच पाजतो ना."

"पोटात जायला नको, आजी. आतड्याला सुट्टी दिली आहे."

"आतड्याले सुट्टी, अन पोराले उपास," सासू माह्याकडं पाहून बोलली.

मलेबी त्या बाटलीचा भरोसा नोता. पान्यावर मानूस कसा जगन?  मले भूक लागली का वट्ट्यावर जाऊन, मालकाच्या नजरेआड भाकर खाये.

थांबलेलं रक्त एक दिवस पुन्हा सुरू झालं. डाक्टर म्हने, "याला कोणीतरी खायला दिलंय." सासूनं माह्याकडं पाहिलं. नर्सबाईनं माहं गाठोडं सोडलं, त्यात अर्धी भाकर निंगाली.

"बाकीची कुठं गेली?"

"माह्या पोटात."

कोनाले पटलं नाई. मले दाराबाहेर बसवलं. आतून त्याईचं कन्हनं आयकू ये. अन मी बाहेर असतानीच पुन्हा रक्त पडलं. मंग म्याच सासूले इचारलं, "मामी, तुमी तं काई देलं नाई ना?"

"म्या काहून देऊ? माहा पोरगा हाय तो."

"मंग माहा नवरा नाई का?"

सासू वळून आत खाटेकडं गेली.

मंग डाक्टरच म्हने, या रोगात न खाताबी रक्त पडते कवा कवा. अन या पान्यानं जीव टिकते, अंग भरत नाई. आधी कोनं सांगतलं नोतं.

मालक पार वाळले. घरी आनले, अन कापूस फुटाच्या आधीच गेले. जाच्या आधी मले म्हने, "मले कोनंच काई देलं नोतं." खरं असन. पन मले अजूनबी वाटते, ते आपल्या मायले वाचवाले बोलले.

तुमच्या घरी कोनाले अशी नळी लागली, तं जवळच्या बाईले खाटेपासून उठवू नका. काय इचाराचं ते डाक्टराले इचारा.