अर्जातले थोर लोक

अर्ज लिहायला बसले की आमच्या चाळीचे सेक्रेटरी आधी चष्मा पुसायचे, मग मोबाईल उघडायचे आणि म्हणायचे, “सुरुवातीला एखादा थोर विचार टाकू. वजन पडतं.”

कसलं वजन पडतंय! लालबागच्या आमच्या चाळीचा लाकडी जिना मोडायला आला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुमवहिनींचे गुडघे गेलेले, त्या वर्षभर खाली उतरल्या नव्हत्या. आणि यांच्या अर्जाचं पहिलं पान भरून परिश्रम, एकी आणि उगवता सूर्य! जिना सापडायचा शेवटच्या ओळीत, सहीच्या डोक्यावर.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. सकाळी मोबाईलवर आलेला सुविचार दुपारी कागदावर. एकदा मी पकडलंच त्यांना.

“अहो, हेच वाक्य मागच्या अर्जात दुसऱ्याच्या नावावर होतं.”

“असू दे हो. दोघंही थोरच.”

असे दोन अर्ज गेले. तिसरा घेऊन मीच दुरुस्तीच्या ऑफिसात गेले. साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि हसून म्हणाले, “छान. व्याख्यानमालेचं निमंत्रण का?” असा संताप आला म्हणून सांगू! साहेबांचा नव्हे, आमच्या सेक्रेटरींचा.

परत येऊन त्यांना म्हटलं, “कुसुमवहिनी काय म्हणतात ते लिहा. जसंच्या तसं.”

“त्या कुठे थोर?”

“जिना त्यांना उतरायचाय, थोर लोकांना नाही!”

हाताला धरून वर नेलं. वहिनी म्हणाल्या, “लिवा, आता मी खाली जाईन ती चौघांच्या खांद्यावरून.”

“हे अशुभ वाटतं हो. ‘जीवनप्रवास’ असं काही करू?”

“माझ्या तोंडचं बदललंत तर बघा!”

लिहिलं त्यांनी. चारच ओळी. मग वहिनींना वाचून दाखवलं आणि हळूच विचारलं, “असंच म्हणालात ना?” इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला विचारून त्याचं वाक्य घेतलं त्यांनी.

महिन्याभरात सुतार आले. त्याच आठवड्यात सेक्रेटरी गेले, झोपेतच. एकटेच राहायचे.

जिना झाला तशी कुसुमवहिनी एकेक पायरी बसत खाली आल्या. थेट सेक्रेटरींच्या बंद खोलीपाशी.

“वर्ष फुकट घालवलंत की हो माझं,” त्या कुलपाला म्हणाल्या. मग पदराने कडीवरची धूळ पुसत राहिल्या.