चुकेल त्याने बांबू धरायचा

न मोजता येणारी वस्तू देवानं या जगात निर्माण केलेलीच नाही. आणि नजरचुकीनं केली असलीच, तर ती आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंच्या दृष्टीस पडलेली नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगतो. मी त्याच शाळेत चित्रकलेचा मास्तर. गणिताशी माझं वैर मॅट्रिकपासूनचं, त्यामुळे गणिताच्या माणसांपासून चार हात लांब राहायचं हा माझा शिरस्ता. पण बाईंपासून चार हात लांब उभं राहिलं, तरी त्या छत्री आडवी धरून म्हणायच्या, "मास्तर, हे साडेतीनच भरतात." ती छत्री म्हणजे त्यांचं माप. पाऊस अडवणं हा तिचा जोडधंदा होता. ठेंगणी मूर्ती, खोचलेला पदर, पायांत चांभाराकडून मुद्दाम करून घेतलेल्या जाड वहाणा आणि कानामागे खडूचा तुकडा. चिंचवड तेव्हा धड गाव नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. एका बाजूला ज्वारी उभी असायची आणि तिच्या पल्याड नव्या कंपनीची चिमणी. बाईंना दोन्ही सारख्याच प्रिय, कारण दोन्हींची उंची सावलीवरून काढता येत असे.

आमच्याकडे त्या काळी घड्याळापेक्षा भोंग्यावर लोकांचा भरवसा जास्त. रेल्वेलाइनीपलीकडच्या कंपनीचा भोंगा झाला की बायका भाताला आधण ठेवायच्या आणि पुरुष मनगटावरची घड्याळं लावून घ्यायचे. एके दिवशी बाईंनी अख्खी नववी गच्चीवर नेली. भोंग्याची पांढरी वाफ आधी दिसते आणि आवाज मागून रमतगमत येतो, हे मीही वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. मला वाटायचं, कंपनीचा माल असेल तसा. बाईंनी वाफेपासून आवाजापर्यंतचे सेकंद मुलांना मोजायला लावले आणि कंपनीच्या फाटकापर्यंतचं अंतर गच्चीवर बसल्या बसल्या काढलं. रविवारी पोरांनी सायकलच्या चाकाला चिंधी बांधून, फेरे मोजत, तेच अंतर रस्त्यानं पडताळलं. थोडा फरक आला. तो रस्त्याच्या वळणामुळे आला हे शोधण्यात बाईंनी आणखी एक तास घालवला. मी मात्र त्या गच्चीवर तोंडाचा आ करून उभा होतो. ज्या वस्तूला हात लावता येत नाही, जिच्यापाशी जाताही येत नाही, ती इतकी निमूटपणे आपलं अंतर सांगून टाकते, याची मला भीतीच वाटली. बाईंनी त्याच दिवशी हेडमास्तरांना कळवलं, की शाळेचं घड्याळ भोंग्यावर लावत असल्यामुळे ते पाच सेकंद मागे आहे. हेडमास्तर स्वतः रोज दहा मिनिटं उशिरा येत. त्यांनी तो टोमणा समजून मनात धरला.

नदीकाठच्या मळ्यात एक जुनं, बैलानं ओढायचं गुऱ्हाळ शिल्लक होतं. ते आमच्या नववीतल्या शेवंताच्या वडिलांचं. वर्तुळाचा परीघ शिकवायची वेळ आली तेव्हा बाईंनी वर्ग तिथं नेऊन बैलाच्या मागं चालायला लावला. बैल दिवसभरात किती चालतो याचा हिशेब गुळाच्या ढेपीवर काडीनं कोरण्यात आला आणि निघालं असं, की बैल जागच्या जागी फिरत रोज देहूला जाऊन परत येतो. शेवंताच्या वडिलांनी चिपाडं तिथंच टाकली आणि बैलाकडे टक लावून बघत राहिले. "आयला, ह्यो रोज देहू करून येतोय व्हय? आन आमी म्हनतोय, हितंच फिरतंय, हाय काय त्यात!" असं म्हणून त्यांनी त्याला गुळाचा खडा चारला आणि त्या दिवशी जू लवकर सोडलं. पोरीनं नववीत बसून काय दिवे लावायचेत, असं म्हणणारा हा गडी. त्या दिवसापासून त्यानं शेवंताच्या शाळेविषयी ब्र काढला नाही.

आता बांबू. दोन पुरुष उंचीचा सरळसोट बांबू बाईंनी कुठूनसा पैदा केला आणि त्यावर तांबडे-पांढरे पट्टे ओढण्याचं काम माझ्या गळ्यात मारलं. पट्टे मी ओढले आणि बाईंनी ते तपासून दोनदा पुसायला लावले. शाळेत बाकी सगळ्यांच्या हातात छडी असायची. बाईंच्या वर्गात छडी नव्हती, नियम होता. चुकेल त्याने बांबू धरायचा. ज्याचं उत्तर चुकेल त्यानं पुढच्या मोजणीला बांबू ओळंब्यात, अगदी सरळ धरून उभं राहायचं. मुलांना ती शिक्षा वाटे. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "शिक्षा कसली, मास्तर? मोजणारे सगळे आपापल्या कामात असतात. बांबू धरणाऱ्याला दुसरं कामच नसतं, म्हणून सगळ्यात जास्त त्यालाच दिसतं." नदीची रुंदी नुसत्या नजरेनं सांगायला गेलो म्हणून मीही एकदा तो बांबू धरला आहे. मला त्या तासात फक्त एक खंड्या दिसला.

हे सगळं हेडमास्तरांच्या डोळ्यांवर येत होतं. वर्ग सदा बाहेर, फळा कोरा, पुस्तक मागं. बाईंची नेमणूक तात्पुरती होती. यजमानांना दम्यानं कंपनी सोडावी लागली होती आणि घर बाईंच्याच पगारावर चालत होतं. त्या वर्षी तपासणीला येणारे साहेब काय शेरा मारतात, त्यावर त्यांना कायम करायचं की नारळ द्यायचा हे ठरणार होतं. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी बजावलं, "बाई, उद्याच्या दिवस तरी वर्गात बसा." बाई हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब नववीच्या दारात उभे राहिले तेव्हा वर्गात चिटपाखरू नव्हतं. फळ्यावर लिहिलेलं होतं, "नदीवर आहोत." हेडमास्तरांचा चेहरा पाहून मीच पुढं धावलो. बाई काठावर पदर खोचून उभ्या. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "अहो, काल हो म्हटलं खरं. पण आज समरूप त्रिकोण आहेत, आणि ते वर्गात कुठं आहेत?" तोवर साहेब आणि हेडमास्तर धापा टाकत येऊन पोचलेच.

पलीकडच्या काठावर एक उंबर होता. नदीत पाय न घालता त्याचं अंतर काढायचं होतं. बाईंची रीत ठरलेली. उंबराच्या समोरून काठाकाठानं काही पावलं चालायचं, तिथं बांबू रोवायचा, मग त्याच्या निम्मी पावलं आणखी पुढं जायचं, आणि तिथून नदीकडे तोंड ठेवून, काठाशी काटकोनात, बांबू आणि उंबर एका रेषेत दिसेपर्यंत मागं जायचं. ते मागं गेलेलं अंतर दुप्पट केलं की नदीची रुंदी. बांबू त्या दिवशी शेवंताकडे होता, कारण आदल्या दिवशी तिचं उत्तर चुकलं होतं. बाई साहेबांना समजावून सांगण्यात गढल्या, मुलांनी पावलं मोजली, आणि बाईंनी रुंदी जाहीर केली. साहेबांनी मान डोलावली. त्यांनी खिशातून पेन काढलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"बाई, चुकतंय," शेवंता म्हणाली.

हेडमास्तर दातओठ खात पुटपुटले, "गप्प बस!" बाई म्हणाल्या, "काय चुकतंय गं?"

"बांबू रवायच्या जागी बाभळीचं झुडूप व्हतं, म्हून म्या म्होरं रवला, शेवटची खूण हाय तितंच ऱ्हायली. फुडची पावलं आता निम्मी न्हाईत, तिसरा हिस्सा ऱ्हायल्यात. दुप्पट न्हाई बाई, तिप्पट करायला पायजे."

साहेबांना समजलं नव्हतं. हेडमास्तरांना समजून घ्यायचं नव्हतं. बाई नुसतं "बरं, बघू" म्हणाल्या असत्या तर विषय तिथंच मिटला असता. त्या बांबूपाशी गेल्या, मागची आणि पुढची पावलं स्वतः टाकून पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी आजवर चितारू शकलेलो नाही. "अगं बाई, खरंच की! चुकलेच मी." कानामागचा खडू आणि छत्री त्यांनी शेवंताच्या हातात दिली, बांबू स्वतः घेतला आणि साहेबांच्या देखत त्या उन्हात उभ्या राहिल्या. "शिकव आता. पहिल्यापासून."

कुणी हसलं नाही. शेवंता खडकावर त्रिकोण काढून, "आता ह्यो बगा उंबर," अशी सुरुवात करून शिकवत होती, आणि माझ्यासारख्या ढ माणसालाही त्या दिवशी समरूप त्रिकोण कळले. मी बाईंकडे बघत होतो. नोकरी हातची जातेय हे त्यांना माहीत होतं. बांबू तसूभर कलला नव्हता.

शेरा आला: "विषयाची तयारी अपुरी. शिक्षिकेने स्वतः चूक मान्य केली." वर्ष संपताच बाईंना नारळ मिळाला. मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "नुसतं गप्प बसला असतात तर?" बाई सामान बांधत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, मग शेवंता चुकली असती." मी त्यांच्या ट्रंकेला दोरी आवळून दिली. यजमानांच्या गावाकडे, लातूरच्या बाजूला, त्या निघून गेल्या. सुरुवातीला दिवाळीला कार्ड यायचं; पुढं तेही थांबलं. बांबू माझ्या चित्रकलेच्या खोलीत राहिला. हेडमास्तरांनी तो दोनदा बाहेर काढायला सांगितला आणि मी दोन्ही वेळा बहिरा झालो.

परवा दुपारी मोकळ्या तासाला नदीकडे फिरायला गेलो होतो. गुऱ्हाळ आता नाही, मळ्यात कंपनीच्या कामगारांच्या चाळी उठल्यात. उंबर आहे. काठावर आमच्या शाळेचा वर्ग पसरलेला, आणि एक दोन वेण्यांची पोरगी हातात खडू घेऊन बाकीच्यांना काहीतरी ठासून सांगत होती. बांबू धरून उभ्या होत्या त्या आमच्या शाळेतल्या आताच्या गणिताच्या बाई. शेवंता.

मी जवळ जाऊन म्हटलं, "काय बाई, चुकलात?"

"व्हय मास्तर," बांबूवरची नजर न काढता ती म्हणाली, "चुकले की." वर्गात ती अगदी शुद्ध बोलते, नदीवर आली की तिला तिची भाषा आठवते. मला एकाएकी आमच्या बाईंची फार आठवण आली. कुठं असतील, कशा असतील, कुणाला ठाऊक. त्यांना हे एकदा दाखवायला हवं होतं.

बांबूवरचे पट्टे पार विटले होते. मी शेवंताला म्हटलं, तास झाला की तो माझ्याकडे पाठव, रंग देतो.