आठ की साठ?

महाजन सरांची आणि माझी पहिली भेट चहाच्या किटलीवरून झाली, आणि ती काही गोड नव्हती. मी बुरहानपूरच्या शाळेत हिंदी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा आला, मी कप पुढे केला, तर एक सद्गृहस्थ किटलीत काळी वायर सोडून बसलेले. "बाई, जरा थांबा. हा गार कसा होतो ते मुलांना दाखवायचंय," ते म्हणाले. वायरच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर होता आणि लॅपटॉपवर एक रेघ हळूहळू खाली उतरत होती. सुट्टी संपली. चहा गार झाल्याचा पक्का पुरावा मिळाला, चहा काही मिळाला नाही. नेपानगरहून रोज बसने येणारे भौतिकशास्त्राचे हे शिक्षक पुढे आमच्या घराला केवढ्या घोरातून सोडवणार आहेत, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सरांच्या हाती मोबाइल पडला की त्याचं मोजमापाचं यंत्र होतं. ते झोपाळ्याला फोन बांधतात आणि त्याचे हेलकावे पडद्यावर उमटवतात. पायरीवरून चेंडू सोडतात आणि त्याच्या टप्प्यांच्या आवाजावरून तो किती उंच उडाला ते मुलांकडून काढून घेतात. या नादात त्यांनी शाळेतला एकही प्लग कधी मोकळा ठेवला नाही, आणि माझी चिकटपट्टी आजतागायत परत केलेली नाही. गौरवलेखात तक्रार करू नये म्हणतात. पण सरांचाच नियम आहे: जे आलं ते लिहा.

हा नियम केळ्यांमुळे साऱ्या शाळेला पाठ झाला. तुकईथडच्या एका मुलीने शेतातून कच्च्या केळ्यांच्या फण्या आणल्या होत्या. सरांनी एक सेन्सर केळ्यांच्या खोक्यात ठेवला, दुसरा बाहेर. केळी पिकायला लागली तसं खोक्यातलं तापमान बाहेरच्यापेक्षा चढलं. "सर, सेन्सर खराब हो गया," म्हणत मुलांनी वहीत दोन्हीकडचे आकडे सारखे करून टाकले. सरांनी वह्या परत दिल्या. पिकताना केळं स्वतःच ऊब सोडतं, सेन्सर खरं तेच सांगत होता. ते मुलांवर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "पुस्तकात काय यायला पाहिजे ते मला माहीत आहे. तुमच्याकडे काय आलं, ते सांगा."

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. माझी मुलगी कल्याणी आमच्याच शाळेत नववीत होती. हुशार पोर, पण हळूहळू मागे पडत चालली होती. काही विचारलं की भलतंच उत्तर द्यायची. गणिताचे शिक्षक तोंडी आकडे सांगत, साठ म्हटलं की ही आठ लिहून मोकळी. सगळ्यांचं निदान एकच: घरी मराठी, शाळेत हिंदी, पोरीचा घोळ होतोय. मी स्वतः भाषेची शिक्षिका, मलाही ते पटलं. शेवटी तिला रावेरला माझ्या बहिणीकडे ठेवून मराठी शाळेत घालायचं ठरलं. एकुलती एक मुलगी घरातून जाणार म्हणून मी तिची बॅग भरायचं काम रोज उद्यावर ढकलत होते.

त्याच दिवसांत सरांनी वर्गात ध्वनीचा प्रयोग घेतला. एका फोनमधून वर चढत बारीक होत जाणारा सूर सोडायचा, दुसऱ्या फोनने तो टिपून त्याचा आलेख पडद्यावर दाखवायचा. मुलांनी डोळे मिटून हात वर करायचा, आवाज येईनासा झाला की हात खाली घ्यायचा आणि डोळे उघडायचे. कल्याणीचा हात सगळ्यांच्या आधी खाली गेला. तिने डोळे उघडले, बाकीच्यांचे हात वरच पाहिले आणि घाईघाईने स्वतःचा पुन्हा वर केला. हे सरांनी पाहिलं. वर्गात ते एक अक्षर बोलले नाहीत.

शाळा सुटल्यावर ते माझ्याकडे आले. "बाई, कल्याणीचे कान तपासले का कधी?"

"कानाचं नाही हो सर, भाषेचं आहे. घरी मराठी, इथे हिंदी…"

"आपल्या बुरहानपुरात कोणाच्या घरी एकच भाषा आहे? सगळा वर्ग तसाच. मग हात एकटीचाच का खाली गेला?" सर पुढे म्हणाले, "आणि साठ हिंदीतही साठच, मराठीतही साठच. त्यात घोळ कसला? सेन्सर म्हणतो आवाज आहे, पोरगी म्हणते नाही. मी दोघांनाही खोटं पाडणार नाही. पण माझा फोन म्हणजे काही डॉक्टर नाही. तुम्ही तपासून घ्या."

इंदूरला तपासणी ठरली. सर रजा काढून आमच्यासोबत आले. बाकावर माझ्या आणि यजमानांच्या मधे बसून ते इकडचं तिकडचं बोलत राहिले, आम्हाला काळजी करायला फुरसत मिळू नये म्हणून. डॉक्टरांनी आलेख दाखवला. जाड आवाज तिला नीट ऐकू येत होते, बारीक आवाज पोहोचत नव्हते. स, श यांसारखी अक्षरं तिच्यापर्यंत येता येता गळून पडत. साठ तिच्या कानात आठ होऊनच शिरत होतं. यावर उपाय आहे, यंत्राने ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला.

सर तिच्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे तुझं गणित बरोबरच होतं की! आठ ऐकलं, आठ लिहिलं. जे आलं ते लिहिलंस."

कित्येक महिन्यांनी माझी पोर खळखळून हसली. मला रडू आलं, ते सुटकेचं होतं. मी तिथूनच बहिणीला फोन लावला आणि सांगितलं, कल्याणी येत नाहीये.

कानात यंत्र आलं त्या दिवशी ती अभ्यासाला बसली आणि दचकून म्हणाली, "आई, पेन वाजतं?" इकडे सरांनी सगळ्या शिक्षकांना बजावलं की फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, बोलताना ओठ तिला दिसले पाहिजेत. ती सवय आम्हाला लागली ती लागलीच, आणि तिचा फायदा मागच्या बाकावरच्या सगळ्याच मुलांना झाला.

सर, तुमच्या साठीनिमित्त आमच्या घराची प्रार्थना एवढीच, की तुमचे पाय असेच जिने चढत राहोत, नजर असाच खाली जाणारा हात टिपत राहो, आणि वहिनींना घरातला निदान एक प्लग मोकळा मिळो.

हा लेख मी स्वयंपाक करता करता सांगतेय आणि आता अकरावीत असलेली कल्याणी बाहेरच्या खोलीत तो टाइप करतेय. माझी तिच्याकडे पाठ आहे. मी म्हटलं, "लिही, सरांना साठ पूर्ण झाली."

"साठ लिहिलं. पुढे?"

"शंभर होऊ देत."

"लिहिलं, आई."